सात जणांची टीम

आमचे हे कापड मिलमध्ये नोकरीला होते आणि मिलच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर होते. या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकच आहे, हे मला लग्नानंतर कळलं. स्थळ घेऊन आलेल्या माणसाने फक्त "मुलगा धुळ्याला मिलमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. आमच्या पहूरला तेवढं पुरायचं. मिल म्हटलं की बारा महिने पगार, बोनस आणि जमलं तर नळाची खोली. माझ्या वडिलांनी पुढे एक शब्द विचारला नाही. मी दहावी पास होते, विचारायची अक्कल मला होती, पण मला कुणी विचारू दिलं नाही.

धुळ्याला आले तेव्हा आमची खोली एका पिठाच्या गिरणीमागे होती. भांडी घासून ठेवली की तासाभरात त्यांच्यावर पिठाचा थर. पहिल्याच आठवड्यात मी दोरीवर वाळत घातलेला हिरवा बिनकॉलरचा शर्ट पाहिला, पाठीवर आकडा शिवलेला, आणि विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "ही माझी नोकरी."

मला वाटलं थट्टा करताहेत. मग नीट सांगितलं. हे बदली कामगार होते. बदली म्हणजे कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्याच्या जागी उभं राहायचं. सगळे आले तर गेटवरून घरी परत. पण मिलला फुटबॉलची हौस होती. चांगल्या खेळणाऱ्या पोरांना तिने बदलीवर घेतलं होतं आणि त्यांना रोजची पाळी नक्की मिळायची. सकाळी मैदानावर सराव, मग अंघोळ करून मिलच्या खात्यात कामाला. गावातले लोक त्यांना 'पगारी प्लेयर' म्हणायचे, अर्धं कौतुकाने आणि अर्धं जळून. पाय मोडला की पाळी गेली, फॉर्म गेला की पाळी गेली. चेंडू लाथाडून पोट भरायचं, असा हा संसार. मी कपाळाला हात लावला.

त्या वर्षी मिलच्या मॅनेजरसाहेबांनी टीमला शब्द दिला. साहेब मुंबईकडून आलेले होते, पांढरा शर्ट, कमी बोलणं. जळगावला दरवर्षी मोठी स्पर्धा भरायची, भुसावळ, मालेगाव, नाशिकच्या टीम यायच्या. ती जिंकून आलात तर सगळ्यांना कायम करतो, असं त्यांनी मैदानावर उभं राहून सांगितलं. हे घरी आले ते पळतच. चपला बाहेर काढायच्या विसरले. म्हणाले, "कायम झालो की मिलच्या चाळीत खोली. नळ. तुला हंडा घेऊन त्या बोळात उभं राहायला नको."

आणि नाही झाले तर काय, हेही आम्हा दोघांना ठाऊक होतं. यांचं गाव साक्रीच्या पलीकडे डोंगराला लागून. चार भाऊ, पावसावरची कोरडवाहू शेती, एका चुलीवर सगळे. तिथली माणसं वाईट नव्हती. पण मी त्या घरात एक महिना राहिले होते आणि त्या महिन्यात मला एकदाही एकटीला श्वास घेता आला नव्हता. यांनाही तिथे परत जायचं नव्हतं. भावांत हे सर्वांत धाकटे, औत हाकायला गेले की थोरले हसायचे, "चेंडूवाला उना!" म्हणजे चेंडूवाला आला, असं म्हणत. म्हणजे कायम होणं हा एकच रस्ता होता. मी सकाळी देवापुढे उदबत्ती लावताना देवाला आधी तेच सांगायचे आणि मग बाकीचं.

टीम भराभर जिंकत गेली. उन्हाळ्यात पहिल्या फेऱ्या झाल्या, मग पावसाळ्यातल्या. शेवटचा सामना जळगावला, भुसावळच्या टीमशी. तो कधी ठेवायचा, हे स्पर्धावाल्यांनी आमच्या टीमला उन्हाळ्यातच विचारून ठेवलं होतं. शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलात तर कोणता रविवार सोयीचा? आणि इथेच आमच्या शहाण्यांनी घोळ घातला.

खान्देशातल्या माणसाला श्रावणातला एक रविवार काही केल्या मोकळा नसतो. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई ही देवी बसते. माझ्या माहेरी ती नव्हती, सासरी होती. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे, ते घरीच दळायचे, आणि त्याचे रोट करायचे. रोट म्हणजे जाड गोड पोळी म्हणा. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. लेकीबाळींना नाही, पाहुण्याला नाही, उंबऱ्याबाहेर तुकडा नाही. ज्याच्या नावाची मूठ घेतली त्याने पंगतीला बसायलाच हवं. सुरतेला असो, मुंबईला असो, माणूस त्या दिवशी गाव गाठतो. दिवाळीला न येणारा कानबाईला येतो.

हे टीममधल्या सगळ्यांना आईच्या दुधाबरोबर माहीत होतं. म्हणून त्यांनी हुशारी केली. गेल्या वर्षी कानबाई ऑगस्टच्या सुरुवातीला झाली होती, तर यंदा ऑगस्टचा शेवटचा रविवार द्या, म्हणजे रोट खाऊन, विश्रांती घेऊन, निवांत खेळू. तसं कळवूनही टाकलं. त्या वर्षी अधिक महिना होता. सगळे सण पुढे सरकले होते. आमच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, प्रत्येकाच्या भिंतीवर होतं, पण त्यात पुरुष माणसं पाहायची ती फक्त सुट्टीचे लाल आकडे आणि पगाराची तारीख. बायकांना कुणी विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी एका मिनिटात सांगितलं असतं.

घोळ कळला तो कॅप्टनला, आणि तोही सासुरवाडीला. धोंड्याचा महिना म्हणून जावई जेवायला बोलावला होता, ताटात अनारसे वाढलेले, आणि सासू सहज म्हणाली की यंदा कानबाई ऑगस्टच्या अखेरीला आली, तेव्हा लेकीला आधी तुमच्या गावी पोचती करा. कॅप्टन अनारसा तसाच टाकून उठला म्हणतात. मला ते चित्र आठवलं की अजून हसू येतं, आणि लगेच चीडही येते.

मग धावपळ. स्पर्धावाल्यांकडे माणूस पाठवला. ते म्हणाले, तारीख तुम्हीच मागितलीत, मैदान पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला दिलं आहे, आता बदल नाही. साहेबांकडे गेले. साहेबांना कानबाई म्हणजे काय हेच कळेना. "एक रविवार पूजा नाही केली तर काय होतं?" असं त्यांनी विचारलं.   कॅप्टन घरी येऊन यांच्यापुढे बसला आणि म्हणाला, "मी नाही थांबू शकत. गेल्या साली भाऊ वारला. माझ्या आईपुढे मी एकटाच बसणारा आहे." 

टीममध्ये धुळ्यातले चार मुसलमान खेळाडू होते, नंदुरबारकडचा एक ख्रिस्ती होता आणि मिलच्या कॅन्टीनमध्ये असलेला एक केरळचा. हे सहा जण येणार होते. बाकी सगळे आपापल्या गावच्या गाड्या पकडून जाणार होते. आणि मैदानात किमान सात जण उभे राहिले नाहीत तर सामनाच होत नाही, समोरच्याला फुकट विजय, असा नियम. सहा आणि एक सात. तो एक म्हणजे हे.

शुक्रवारी गावाहून आबा आले. माझे सासरे, शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुनी माय गहू मापी राहिनी. तुनी मूठ बी लिन्ही शे."

हे खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "आबा, बठ्ठा गयात. मी बी निंघनू तं मॅच कोन खेळी?" बठ्ठा म्हणजे सगळे.

"आनि तुना रोट कोन खाई?"

 मी चुलीपाशी होते, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, कायम व्हायचा प्रश्न आहे. एका दिवसाचा." सुनेने मध्ये बोलायचं नसतं, पण बोलले. आबांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, थकल्यासारखं. "बेटा, मी समजस," म्हणाले. "पन ती नही समजाव." ती म्हणजे माझी सासू. मग त्यांनी टोपी घातली, नातवंडांसाठी बाजारातून गोड शेव घेतली आणि दुपारच्या बसने परत गेले. हे त्यांना स्टँडवर सोडायला गेले आणि खूप वेळाने आले. खाल्लं नाही. मी रागावून म्हटलं, "जायचं असेल तर जा, मी अडवत नाही." ते म्हणाले, "गेलो तर आपण गावचेच होऊ." मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. त्यांनी बरोबर केलं असं मला आजही वाटतं. म्हणूनच पुढचं सगळं इतकं लागतं.

एरवी टीम मॅटाडोरमधून जायची. त्या रविवारी सात जण मिलच्या जीपमध्ये मावले आणि माझ्यापुरती जागा उरली. मी आग्रहच धरला. सासरी एकटी जाऊन बोलणी खाण्यापेक्षा जळगावला जाते म्हटलं. आजवर मी एकही सामना पाहिला नव्हता, बायका जातच नसत. पारोळा, एरंडोल करत जीप चालली. एरवी हे लोक गाणी म्हणत जायचे म्हणे. त्या दिवशी जो तो बाहेर बघत बसला. केरळचा तेवढा मध्येच म्हणाला, "सेवन इज लकी," आणि आम्ही हसलो, त्याच्यासाठी.

मैदान काळ्या मातीचं. सकाळी पाऊस पडून गेलेला. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे, ती बुटाला धरते ती सोडत नाही, दहा पावलांत प्रत्येक पायात शेर-शेर चिखल. समोर भुसावळचे अकरा जण, सगळे धिप्पाड, आणि बाहेर आणखी पाच बसलेले. आमचे सात जण रांगेत उभे राहिले तेव्हा लोक हसले. एकाने ओरडून विचारलं, "बाकीचे कुठे, पंगतीला बसलेत का?" त्याला वाटलं तो विनोद करतोय.

पहिला गोल लवकर झाला. दुसरा त्याच्या पाठोपाठ. आमच्या बाजूला इतकी मोकळी जागा होती की भुसावळचा पोरगा एकटाच चेंडू घेऊन यायचा, समोर हे एकटे. हे पुढे धावायचे, चिखलात झोकून द्यायचे, कधी अडायचा, बहुतेक वेळा नाही. एकदा चेंडू यांना चकवून गोलाकडे निघाला आणि रेषेच्या अलीकडे चिखलात रुतून बसला. हे सरपटत गेले आणि पोटाखाली घेतला. तेव्हा मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडले. आजूबाजूचे वळून बघायला लागले, मग मी पदर तोंडाला लावून गप्प बसले.

हाफ टाइमला सातही जण कडेला आलेच नाहीत, मैदानातच बसले. मी लांबून पाहत होते. डोक्यापासून पायापर्यंत काळे, नुसते डोळे पांढरे. तेव्हा गावाकडे पंगत बसली असेल. सासू वाढत असेल, आणि एका पाटापुढे कुणी नसेल. मला वाटलं, आत्ता उठावं आणि म्हणावं चला, बस झालं. पण कुणाला म्हणणार होते?

आमच्यावर एकूण नऊ गोल झाले. शेवटच्या दोन गोलांच्या वेळी यांचा अंगठा निखळला होता आणि ते एकाच हाताने उभे होते, कारण बदली द्यायला माणूसच नव्हता. सहाही जण शेवटपर्यंत पळत होते, कशासाठी ते देव जाणे. रेफरीने शिट्टी मारली तेव्हा भुसावळचे खेळाडू येऊन यांच्याशी हात मिळवू लागले, आणि यांनी डावा हात पुढे केला. परत येताना जीपमध्ये मी अंगठ्याला ओल्या फडक्याची पट्टी धरून बसले होते. एरंडोलच्या पुढे ते एवढंच म्हणाले, "गेलं." मी म्हटलं, "गेलं."

गावाकडून निरोप आला तो चुलतदिराकडून. यांच्या वाट्याचा रोट सासूने जमिनीत पुरला. खायला माणूस नसला की तसंच करतात. खड्डाही तिने स्वतःच केला म्हणे. पुढे आम्ही गावी जायचो, आदरातिथ्य व्हायचं, पण कानबाईला या असं कुणी म्हणालं नाही. आम्हीही गेलो नाही.

आणि मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. साहेबांनी सातही जणांना ऑफिसात बोलावलं. हे गेले ते काढून टाकणार म्हणूनच गेले, अंगठा फडक्यात. साहेब म्हणाले, जिंकला नाहीत, पण हजर राहिलात. जे घरी गेले त्यांना कळू दे. आणि सातही जणांना कायम केलं. टीम मात्र बंद केली, पुन्हा असला तमाशा नको म्हणून. बाकीचे बदलीवाले होते तसे बदलीवर राहिले, आणि खेळ नाही म्हटल्यावर त्यांची रोजची पाळीही गेली.

ते घरी आले आणि दारातच उंबऱ्यावर बसले. मी समजले ते वाईटच. मग त्यांनी सांगितलं आणि आम्ही दोघं त्या पिठाच्या खोलीत खाली बसून रडलो. मी सहाही जणांच्या घरी पेढे दिले. कॅप्टनच्या घरी द्यायला गेले नाही, तेवढी लाज होती. दोन महिन्यांत चाळीतली खोली मिळाली. नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी. मी पहिल्या दिवशी उगीचच तीनदा नळ सोडून पाहिला. थोरली मुलगी तिथेच झाली. माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस होते, आणि ते पुढच्या दिवाळीपर्यंत टिकले.

दिवाळीनंतर मिलला टाळं लागलं. तोटा, वीज, संप, कुणी काही सांगायचं, कुणी काही. बदलीवाल्यांना त्या दिवशी कळून चुकलं की इथे आता काही नाही. त्यांचं मिलशी काही नातंच नव्हतं, मग तोडायचं काय? कॅप्टनने रिक्षा घेतली. दोघं सुरतेला गेले आणि तिथे स्थिरावले. एक शेतीवर गेला, एकाने चहाची टपरी टाकली. वर्षभरात सगळे कुठे ना कुठे लागले. आणि कायम होते ते थांबले. कारण कायम माणसाचा हक्क असतो. मिल सुरू झाली की आधी त्यांना बोलावणार, आणि नाही झाली तर कोर्टात त्यांचा निकाल लागणार. राजीनामा दिला, दुसरीकडे नाव लावलं, की हक्क गेला. युनियनचा माणूस दर महिन्याला हेच सांगायचा. हे दररोज सकाळी धुतलेला शर्ट घालून गेटवर जाऊन बसायचे.

एकदा कॅप्टन स्वतः घरी आला. मनात काही न ठेवता आला, हे मी विसरत नाही. म्हणाला, जळगावला एका डाळ मिलमध्ये मुकादम हवा आहे, मी शब्द टाकला आहे, उद्या चल. यांनी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही रे. मी कायम आहे. सोडून कसा येऊ?" तो गेल्यावर मी भांडले. इतकी भांडले की शेजारणी दारात आल्या. मी म्हटलं, कशाचे कायम? दाराला कुलूप आहे! ते म्हणाले, "ते मी मिळवलंय." आणि मग हळू आवाजात, "त्याच्यासाठी मी माझा रोट सोडला."  मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले आणि घर चालवलं. चाळीतला नळ कधी बंद झाला तेही मी लक्षात ठेवलं नाही.

वर्षं गेली. त्या सातांपैकी केरळचा त्याच्या मुलखात परतला. दोघं मालेगावला यंत्रमागावर लागले, हक्क गेला तर गेला म्हणून. उरलेले एकेक करून गेटवर यायचे थांबले. हे जातच राहिले.

एका दुपारी अंगणवाडी सुटल्यावर मी त्या रस्त्याने आले तर मिलचं मोठं गेट उघडं.  मला वाटलं, सुरू झाली. मी धावत गेले. आत दोन ट्रक होते, आणि मजूर विणायचे साचे उचकटून भंगारात भरत होते. दुसरा ट्रक मागे घ्यायला अडत होता, मागे भिंत होती आणि ड्रायव्हरला दिसत नव्हतं. हे त्याच्या मागे उभे होते, दोन्ही हात पसरून, गोलमध्ये उभे राहायचे तसे, आणि ओरडून सांगत होते, "येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडं."

ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "बाबा, तुम्ही इथलेच का?"

"हो," हे म्हणाले. "मी इथला कायम आहे."